एक बटण मेले म्हणून कीबोर्ड मरत नाही

हजचा अर्ज, मुलीच्या शिष्यवृत्तीचा फॉर्म, निकाहची पत्रिका, दुकानाचे बिल, कोर्टात द्यायचे प्रतिज्ञापत्र. आज यातले एकही काम कीबोर्डला हात लावल्याशिवाय पुरे होत नाही. आपल्याकडच्या कितीतरी घरांत तर कीबोर्डवरच चूल पेटते. कुणी बाजी घरी बसून प्रबंध टाइप करून देतात, कुणी भाईजान तहसील कचेरीसमोर टेबल टाकून अर्ज लिहितात. आम्ही स्वतः कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी टायपिंग आणि छपाईचे छोटेसे काम करतो. त्यामुळे या यंत्राची दुखणी आम्हाला रोजच्या रोज दिसतात.

सगळ्यात जास्त दिसणारे दुखणे एकच. बाकी शंभर बटणे ठणठणीत असतात आणि एक बटण बोलत नाही. दाबले तरी पडद्यावर काही उमटत नाही. किंवा दहा वेळा दाबावे तेव्हा एकदा उमटते.

इंग्रजीत एक अक्षर गेले तर एक अक्षरच जाते. मराठीचे तसे नाही. इनस्क्रिप्ट पद्धतीने टाइप करणाऱ्यांना ठाऊक आहे, इंग्रजी ‘डी’च्या बटणावर आपला हलन्त, म्हणजे पाय मोडण्याची खूण असते. ‘विद्यार्थी’ हा शब्द लिहायला दहा वेळा बटण दाबावे लागते आणि त्यातले दोनदा हलन्ताचे असते. ते एक बटण मेले की ‘विद्यार्थी’चा ‘विदयारथी’ होतो, ‘अम्मी’ची ‘अममी’ होते. वारसाच्या अर्जातला ‘हक्क’ सुद्धा ‘हकक’ होऊन बसतो. असा कागद कोणता साहेब स्वीकारणार? एका बटणामुळे सगळी जोडाक्षरे जातात आणि त्या दिवसाची कमाईही जाते.

मग बहुतेक लोक दोनपैकी एक करतात. नवा कीबोर्ड विकत घेतात किंवा जुना दुकानात नेतात. दुकानदारही बहुधा “आता हे दुरुस्त होत नाही, नवीनच घ्या” असे सांगतो. साध्या, स्वस्त कीबोर्डच्या बाबतीत त्याचे खरेही असते. पण घरात जुन्या बांधणीचा मेकॅनिकल कीबोर्ड असेल, तर थांबा. त्यातले मेलेले बटण पुष्कळदा घरच्या घरी जिवंत करता येते. फक्त तपासणी क्रमाने करायची. आधी फुकटातली, मग स्वस्तातली, आणि डाग द्यायचे यंत्र सर्वांत शेवटी.

आधी कीबोर्डची जात ओळखा

आजचे बहुतेक स्वस्त कीबोर्ड आतून एकाच धाटणीचे असतात. सगळ्या बटणांखाली रबराची एक चादर असते आणि तिच्याखाली छापील रेघांचे प्लॅस्टिकचे पातळ पापुद्रे असतात. तिथे एका बटणाला वेगळे काढून दुरुस्त करण्याची सोय फारशी नसते.

मेकॅनिकल कीबोर्डमध्ये प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्विच असतो. विजेच्या बोर्डावर जसे पंख्याचे बटण वेगळे आणि दिव्याचे वेगळे असते, तसेच. जर्मनीतील चेरी कंपनीने १९८० च्या दशकात ‘एमएक्स’ नावाचे स्विच आणले आणि ते जगभर पसरले. आपल्याकडे टीव्हीएस गोल्ड या कीबोर्डमधून ते बँका, बिलिंगची काउंटरे आणि डीटीपीच्या दुकानांत पोहोचले. दाबल्यावर ‘टक्’ असा स्पष्ट आवाज करणारा तो जड कीबोर्ड अनेकांच्या बोटांना आजही आठवत असेल.

ओळख सोपी आहे. एका बटणाची वरची टोपी हळूच उपटून काढा. खाली अधिकच्या चिन्हासारखी (+) छोटी दांडी दिसली, तर तो चेरी पद्धतीचा स्विच आहे आणि हा लेख तुमच्यासाठी आहे. रबराची वाटी दिसली, तर फक्त सफाईपुरतेच थांबा. आयबीएमचे १९८५ पासूनचे ‘मॉडेल एम’ कीबोर्डही जुने आणि टिकाऊ आहेत. पण त्यांच्यात स्प्रिंगखाली पापुद्रे असतात आणि तळ प्लॅस्टिकच्या रिव्हेटने बसवलेला असतो. ते काम वेगळे आहे, घाईने उघडायला जाऊ नये.

बटणाच्या आत काय असते

स्विचच्या डबीत चार गोष्टी असतात. वरखाली सरकणारी प्लॅस्टिकची दांडी, तिला वर ढकलणारी स्प्रिंग आणि धातूच्या दोन पट्ट्या. एरवी दांडीचा पाय एका पट्टीला दुसरीपासून दूर धरून ठेवतो. बटण दाबले की पाय खाली सरकतो, पट्टी मोकळी होते आणि दुसरीला जाऊन भिडते. बटण एकूण ४ मिलीमीटर खाली जाते, पण साधारण २ मिलीमीटरवरच ही भेट होते. म्हणून सराईत टायपिस्टला बटण तळापर्यंत आपटावे लागत नाही.

पट्ट्या जिथे भिडतात त्या टोकांवर सोन्याचा बारीक मुलामा असतो, कारण सोन्याला गंज चढत नाही. मग बटण मरते कशाने? धुळीचा कण किंवा चहाचा चिकट थर दोन्ही टोकांच्या मध्ये बसतो. पट्टीचा ताण वर्षानुवर्षांच्या वापराने कमी होतो. किंवा स्विच चांगलाच असतो, पण त्याचे पाय सर्किट बोर्डला जोडणारा डाग फुटलेला असतो. कोकणच्या दमट हवेत याच्या जोडीला बोर्डावरच्या तांब्याच्या रेघांवर हिरवा थर चढतो.

मेलेली बटणे कागदावर लिहा

दुरुस्तीचे पहिले हत्यार पेचकस नाही, कागद-पेन्सिल आहे. कोणकोणती बटणे चालत नाहीत ते लिहून काढा. त्यामागे कारण आहे.

कीबोर्डवर १०४ बटणे असतात. प्रत्येकाला स्वतंत्र तार दिली तर तारांचे जंगल होईल. म्हणून बोर्डावर आडव्या आणि उभ्या गल्ल्यांसारख्या रेघा असतात आणि प्रत्येक बटण एका चौकात बसवलेले असते. समजा ८ आडव्या आणि १६ उभ्या रेघा आहेत. चौक झाले १२८ आणि रेघा मात्र फक्त २४. कीबोर्डमधली छोटी चिप या गल्ल्यांतून सेकंदाला अनेकदा फेरी मारते आणि कोणत्या चौकात दोन रेघा जोडल्या गेल्या ते पाहते.

यावरून निदान निघते. एकच बटण मेले असेल, तर दोष त्याच चौकात आहे, म्हणजे स्विचमध्ये किंवा त्याच्या डागात. पाच-सात बटणे एकाच वेळी गेली असतील, तर त्या सगळ्यांची एखादी सामाईक रेघ तुटली आहे. ही बटणे वरून पाहिल्यास शेजारी-शेजारी असतीलच असे नाही, कारण बोर्डावरच्या गल्ल्या वेड्यावाकड्या फिरतात. सगळीच बटणे बंद असतील, तर केबल, संगणकाचे पोर्ट किंवा आतली चिप पाहावी लागते. आणि एकदा दाबून अक्षर दोनदा उमटत असेल, तर बटण मेलेले नाही. त्याची टोके मळली आहेत किंवा थरथरत आहेत.

फुकटातल्या तपासण्या

पेचकस हातात घेण्याआधी पाच गोष्टी पाहा.

एक, कीबोर्ड दुसऱ्या संगणकाला लावा. जुन्या कीबोर्डची पिन गोल आणि बहुधा जांभळी असते. ती संगणक चालू असताना काढू-घालू नये. बंद करून लावावी आणि मग संगणक सुरू करावा.

दोन, नोटपॅड उघडून भाषा इंग्रजी करा आणि तेच बटण दाबा. मराठीत उमटत नाही पण इंग्रजीत उमटते, असे असेल तर दोष बटणाचा नाही, फॉन्टचा किंवा कीबोर्डच्या मांडणीचा आहे. जुन्या टाइपरायटर पद्धतीच्या फॉन्टवर काम करणाऱ्यांनी ही परीक्षा जरूर घ्यावी.

तीन, उजवे शिफ्ट बटण आठ सेकंद दाबून राहिले तर विंडोजमध्ये ‘फिल्टर कीज’ नावाची सोय सुरू होते. मग झटकन दाबलेली बटणे संगणक मोजतच नाही. लहान मूल कीबोर्डवर हात ठेवून बसले की हे हमखास होते. सेटिंगमध्ये जाऊन ती बंद करा.

चार, उजवीकडचे आकडे चालत नसतील तर आधी नम लॉक पाहा.

पाच, विंडोजचा ‘ऑन-स्क्रीन कीबोर्ड’ उघडा. खरे बटण दाबले की पडद्यावरचे बटण उजळते. जे उजळत नाही, तेच मेलेले.

न उघडता सफाई

आता बटणाच्या टोप्या काढायच्या. त्याआधी मोबाइलवर कीबोर्डचा फोटो काढून ठेवा, नाहीतर परत लावताना गोंधळ होतो. पातळ तारेचे दोन आकडे करून टोपीच्या दोन बाजूंनी खाली सरकवा आणि सरळ वर ओढा. तिरके ओढू नका. स्पेसबार, एंटर आणि शिफ्ट या लांब बटणांखाली तोल सांभाळणारी तार असते. ती अडकवलेली असते म्हणून ही बटणे जपून काढावीत. टोप्या कोमट पाण्यात साबणाने धुऊन रात्रभर सुकवाव्यात. उकळते पाणी वापरू नये, प्लॅस्टिक वाकते.

रिकाम्या कीबोर्डवरची धूळ मऊ ब्रशने आणि हवेच्या पंपाने उडवा. मग मेलेल्या स्विचकडे वळा. कीबोर्डची केबल काढलेली असावी. स्विचची दांडी बोटाने खाली दाबून धरा आणि कडेच्या फटीत आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन-तीन थेंब सोडा. मग दांडी पन्नास-शंभर वेळा वरखाली करा. काही तास पूर्ण वाळू द्या आणि नंतरच केबल लावा.

‘अल्कोहोल’ हा शब्द ऐकून आमच्याकडे येणारे काही बुजुर्ग दचकतात. हे पिण्याचे मद्य नव्हे. हे सफाईचे रसायन आहे, पोटात गेले तर विषारी आणि चटकन पेट घेणारे. म्हणून शेगडीपासून लांब आणि मुलांच्या हाताबाहेर ठेवावे. इलेक्ट्रॉनिक सामानाच्या दुकानात ते ९९ टक्के शुद्ध मिळते. जखमा पुसायच्या स्पिरिटमध्ये पाणी बरेच असते, ते या कामाला चालत नाही.

शिलाई मशीनचे तेल, खोबरेल तेल किंवा गंज सोडवण्याचा स्प्रे स्विचमध्ये कधीही घालू नये. चार दिवस बटण चालल्यासारखे वाटते. मग तेलावर धूळ बसून चिखल होतो आणि सुधारण्यासारखे बटणही जाते.

या सफाईने बटण सुधारले तर उत्तम. दोन-चार दिवसांनी पुन्हा रुसले, तर समजावे की मळ नुसता सरकला होता. पुढची पायरी चढावी लागेल.

चहा सांडला असेल तर

चहाचे प्रकरण वेगळे आहे, कारण आपल्या चहात दूध असते आणि साखर असते. साखर पाण्यात विरघळते, आयसोप्रोपिलमध्ये नीट विरघळत नाही. म्हणून चहा सांडलेल्या कीबोर्डवर नुसते अल्कोहोल ओतणाऱ्याचे बटण चिकटच राहते.

चहा सांडताक्षणी केबल काढा आणि कीबोर्ड उलटा करा. मग उघडून साखरेचे डाग आधी पाण्याने काढायचे. नळाच्या पाण्यात क्षार असतात, म्हणून बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर घ्यावे. गॅरेजवर सहज मिळते. पाण्याने साखर गेली की मग अल्कोहोल फिरवावे, म्हणजे ते अडकलेले पाणी सोबत घेऊन उडून जाते. त्यानंतर पंख्याखाली दोन-तीन दिवस वाळवावे. केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा मारू नये.

जुलै २०२१ मध्ये चिपळूण आणि महाडच्या बाजारपेठा पुराखाली गेल्या, तेव्हा दुकानादुकानांतून किती सामान वाया गेले ते कोकणातल्या वाचकांनी पाहिले आहे. पुराच्या पाण्यात सापडलेल्या मेकॅनिकल कीबोर्डलाही हाच नियम लागू आहे. चिखल सुकून दगड होण्याआधी स्वच्छ पाण्याने धुवायचा, आणि पूर्ण वाळेपर्यंत संगणकाला लावायचा मोह टाळायचा.

चिमट्याची परीक्षा

कीबोर्ड उलटा करून तळाचे स्क्रू काढा. एखादा स्क्रू स्टिकरखाली लपलेला असतो. कडांना प्लॅस्टिकच्या खाचा असतात, त्या जोर न लावता सोडवा. बोर्ड बाहेर काढला की मागच्या बाजूला प्रत्येक स्विचचे दोन धातूचे पाय डाग दिलेले दिसतील.

आधी डोळ्यांनी पाहा. भिंग असेल तर आणखी चांगले. चांगला डाग चकचकीत आणि पायाला बिलगलेला असतो. फुटलेल्या डागात पायाभोवती बारीक काळी रिंगण दिसते. तांब्यावर हिरवट थर आहे का, चहाचा डाग वाळला आहे का, तेही पाहा.

आता खरी परीक्षा. बोर्ड लाकडी टेबलावर ठेवून संगणकाला जोडा. इथे फक्त पाच व्होल्टची वीज असते, माणसाला तिचा धोका नाही. नोटपॅड उघडा आणि मेलेल्या स्विचचे दोन्ही पाय चिमट्याने क्षणभर एकमेकांना जोडा. चिमटा दुसरीकडे कुठे टेकू देऊ नका.

पडद्यावर अक्षर उमटले? मग रेघा, चिप, केबल सगळे ठीक आहे. दोष फक्त स्विचमध्ये आहे. अक्षर उमटले नाही? मग स्विचला दोष देऊ नका, वाट कुठेतरी तुटली आहे. केबल काढा, मल्टिमीटर ‘बीप’वर ठेवा आणि त्या स्विचचा पाय व त्याच रेघेवरच्या शेजारच्या स्विचचा पाय यांना सुया टेकवा. जिथे बीप येत नाही, तिथे तुटले आहे.

अर्ध्या मिनिटाची ही परीक्षा आहे, पण दुरुस्तीत सगळ्यात मोलाची. ती न करता स्विच बदलायला बसणारा माणूस दोन तास घालवतो आणि शेवटी कळते की स्विच चांगलाच होता.

डाग देणे आणि स्विच बदलणे

२५ वॉटचे डाग द्यायचे यंत्र, सोल्डरची बारीक तार आणि वितळलेले सोल्डर ओढून घेणारा पंप. ही तीन साधने काही शे रुपयांत येतात आणि वर्षानुवर्षे टिकतात. खिडकी उघडी ठेवावी, धूर नाकात जाऊ देऊ नये. साध्या सोल्डरमध्ये शिसे असते, म्हणून काम झाल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय खाण्याला लावू नयेत. लहान मुले आणि गरोदर बायकांनी या कामापासून लांब राहावे.

डाग फुटला असेल तर काम दोन मिनिटांचे आहे. यंत्राचे टोक पायाला आणि बोर्डला एकदमच टेकवा, थोडे नवे सोल्डर द्या आणि दोन-तीन सेकंदांत टोक उचला. जास्त वेळ धरले तर बोर्डावरचे तांबे सुटून येते.

रेघ तुटली असेल तर प्लॅस्टिकच्या वेष्टनाची बारीक तार घ्या. त्याच रेघेवरच्या दोन स्विचच्या पायांना तिची दोन टोके डाग द्या. रस्ता खचला की बाजूने पायवाट काढतात, तसेच हे. दिसायला सुंदर नाही, पण काम चोख करते.

स्विच बदलायचा असेल तर दोन्ही पायांवरचे सोल्डर आधी काढावे लागते. जुने सोल्डर लवकर वितळत नाही. त्यावर थोडे नवे सोल्डर दिले की ते मऊ होते, आणि मग पंपाने ओढता येते. दोन्ही पाय मोकळे हलायला लागल्यावरच स्विच काढा. अडकत असेल तर ओढाताण करू नका, सोल्डर राहिले आहे असे समजा. स्विच धातूच्या पत्र्यात बसवलेला असेल तर कडेच्या खाचा दाबून तो वर सरकवावा लागतो.

आणि नवा स्विच कुठून आणायचा? तो बहुधा कीबोर्डमध्येच असतो. स्क्रोल लॉक आणि पॉज ही दोन बटणे आपल्यापैकी कितीजणांनी कधी दाबली आहेत? त्यांच्याखालचे स्विच नव्यासारखे असतात. तिथला स्विच काढून मेलेल्या बटणाच्या जागी बसवायचा. एक सावधानता मात्र घ्या. जे बटण आपल्याला रिकामे वाटते ते घरातल्या दुसऱ्या कुणाचे कामाचे असू शकते. उदाहरणार्थ, इनस्क्रिप्टमध्ये बंद होणाऱ्या चौकोनी कंसाच्या बटणावर नुक्ता असतो. साध्या मराठीत त्याला क्वचितच हात लागतो, पण घरात देवनागरीतून उर्दू शेर टाइप करणारे कुणी असेल, तर त्या बटणाशिवाय ‘ग़ज़ल’ लिहिताच येणार नाही. आधी विचारा, मग काढा.

बाजारातून सुटा स्विच आणला तर त्याच्या तळाशी दोन जादा प्लॅस्टिकचे पाय असू शकतात. बोर्डावर त्यांच्यासाठी भोके नसतील तर ते कापून टाकले तरी चालतात. धातूचे पाय मात्र कापू नयेत.

खालांच्या घरची गोष्ट

आमच्या गल्लीतल्या एका खालांची लेक घरी बसून महाविद्यालयाचे प्रबंध टाइप करते. गेल्या पावसाळ्यात खाला कीबोर्ड कापडात गुंडाळून दारात आल्या. “बेटा, परवा प्रबंध द्यायचाय आणि याचा पाय मोडायचा बटणच मोडलाय. दुकानवाला म्हणतो, नवीन घ्या. आता ते पैसे कुठून आणू?”

आम्ही लेकीला बोलावून घेतले आणि तिलाच सगळे करायला लावले. तिने आधी यादी केली, मेलेले बटण एकच निघाले. अल्कोहोलने ते चालले, पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा गप्प झाले. मग बोर्ड उघडला. तिने चिमटा टेकवला आणि पडद्यावर प्रत्येक वेळी अक्षर उमटले. दोष स्विचचाच होता. स्क्रोल लॉकचा स्विच तिथे गेला आणि मेलेला स्विच स्क्रोल लॉकच्या जागी. वरून पाहणाऱ्याला काहीच फरक दिसत नव्हता.

प्रबंध वेळेवर गेला. पण आम्हाला जास्त आनंद पुढच्या महिन्यात झाला. तिच्या मावसभावाच्या दुकानातला कीबोर्ड बिघडला आणि या वेळी चिमटा घेऊन तीच गेली. घरी येऊन अम्मीला म्हणाली, “अम्मी, आता प्रबंध नसले तरी चालेल.”

काम अडले असेल तर

कधी कधी दुरुस्तीला वेळच नसतो. गिऱ्हाईक समोर उभे असते. तेव्हा ऑन-स्क्रीन कीबोर्डवर माउसने ते एक अक्षर टिपता येते. त्याहून बरा उपाय म्हणजे मायक्रोसॉफ्टचे ‘पॉवरटॉइज’ हे मोफत साधन. विंडोज १० आणि ११ वर ते चालते. त्यातल्या कीबोर्ड मॅनेजरमध्ये एका बटणाचे काम दुसऱ्याला सोपवता येते. न लागणारे एखादे बटण मेलेल्या बटणाचे काम करू लागते आणि दिवस निभावतो. ही मलमपट्टी आहे, इलाज नव्हे. पण मलमपट्टीनेही पुष्कळदा लाज राखली जाते.

जे सुधारत नाही त्याचे काय

सगळेच कीबोर्ड सुधारतात असे आम्ही म्हणणार नाही. आतली चिप गेली असेल किंवा बोर्डाचे तांबे जागोजागी खाल्ले गेले असेल, तर खर्च आणि वेळ घालवण्यात अर्थ नाही. तरीही तो भंगारवाल्याला किलोच्या भावात देऊ नका. त्याच्यात शंभराहून अधिक स्विच आहेत आणि त्यातले बरेचसे चांगले आहेत. एका डब्यात जपून ठेवा. पुढची कितीतरी वर्षे घरातल्या, शेजारच्या आणि मदरशाच्या संगणक खोलीतल्या कीबोर्डना तो डबा पुरेल.

आणि जो चालतो आहे त्याला जपा. काम झाल्यावर त्यावर सुती कापड टाका. आठवड्यातून एकदा उलटा करून हलके झटका. पावसाळ्यात कीबोर्ड भिंतीला लागून ठेवू नका, भिंतीची ओल त्यात उतरते. चहाचा कप कीबोर्डच्या टेबलावर नको, बाजूच्या स्टुलावर ठेवा.

घरात दहावी-बारावीतली मुले असतील तर पुढच्या सुट्टीत एखादा बंद पडलेला कीबोर्ड त्यांच्यासमोर उघडा आणि चिमटा त्यांच्या हातात द्या. मेलेल्या बटणातून पडद्यावर अक्षर उमटताना एकदा पाहिलेले मूल पुढे कुठल्याही यंत्राकडे ‘हे आपल्याला जमणार नाही’ म्हणून पाहत नाही. बटण दुरुस्त झाले नाही तरी हरकत नाही. काय बिघडले आहे ते ओळखायला ते शिकले, एवढे पुरेसे आहे.